राउटरचा दुसरा पासवर्ड: लॉगिन आणि सुरक्षेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरात ट्यूशन एरियाच्या जवळ राहतो. गल्लीत, पाहुण्यांत, मित्रांत कुणाचंही नेट बिघडलं की फोन मलाच येतो, आणि दहातले आठ प्रश्न तेच ते असतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. आकडे मी इथं मराठीत लिहिलेत, तुम्ही ब्राउझरमध्ये टाकताना मात्र इंग्रजी कीबोर्डचेच टाका. एका भावकीतल्या पोरानं मराठी कीबोर्डवरून टाकून अर्धा तास घालवलाय.

प्र. ॲडमिन पॅनल म्हंजे वायफायचा पासवर्ड टाकतो तेच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथंच आहे. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, जो पाहुणा चप्पल काढायच्या आधी विचारतो. दुसरा राउटरच्या आतल्या सेटिंगचा, वायफायचं नाव काय, पासवर्ड काय, कोण कोण जोडलंय, कुठली साईट विचारली की कुणाकडं जायचं, हे सगळं तिथून ठरतंय. त्या सेटिंगच्या पानाला ॲडमिन पॅनल म्हणतात. पहिला पासवर्ड लोक भांडण झालं की बदलतात, दुसरा मात्र राउटर डब्यातून निघाला तसाच राहतो. आता त्या पॅनलपर्यंत जायला सहसा आधी वायफायला जोडलेलं असावं लागतं हे खरं, पण वायफायचा पासवर्ड तर आपल्याकडं अख्ख्या गल्लीला पाठ असतो, मग राहिलं काय?

प्र. पॅनल उघडायला पत्ता कुठला टाकायचा?

आधी राउटर उलटा करा. खाली स्टिकर असतो, त्यावरची धूळ पुसा आणि सरळ मोबाईलनं फोटो काढून झूम करा, कारण अक्षरं इतकी बारीक असतात की चष्मा लावूनही तीन आणि आठ सारखेच दिसतात. बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतं, जिओफायबरवाल्यांचं १९२.१६८.२९.१. स्टिकर पुसला गेला असंल तर अँड्रॉइडमध्ये वायफायच्या नावापुढच्या गिअरवर दाबा, खाली गेटवे म्हणून आकडा दिसतो तोच. आयफोनमध्ये त्याच जागी राउटर लिहिलेलं असतंय. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) हा शब्द इंग्रजीत सलग टाइप करून एंटर मारा, डिफॉल्ट गेटवेसमोर जे येईल ते.

हे आकडे सगळ्यांकडं सारखेच कसे असं लई जण विचारतात. १९९६ सालीच काही आकडे घरगुती आणि ऑफिसच्या आतल्या नेटवर्कसाठी राखून ठेवलेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालतच नाहीत. त्यामुळं तुमचा १९२.१६८.१.१ तुमच्या घरातला आणि नांदेडच्या मामाचा त्याच्या घरातला. मामाचं पॅनल तुमच्या फोनवरून उघडंना म्हणून त्यांच्यावर वैतागू नका.

प्र. पत्ता टाकला तरी पेज उघडंना, नुसतं गुगल उघडतंय. काहून?

तुम्ही पत्ता सर्चच्या खान्यात टाकलाय, किंवा मध्ये स्पेस पडलीय, किंवा शेवटच्या एकाच्या जागी इंग्रजी एल पडलाय. वरच्या पट्टीत टाका, शेवटी तिरपी रेघ (/) लावा म्हंजे ब्राउझरला कळतं की हा पत्ता आहे, शोधायचा शब्द नाही. राउटर लॉगिन असं गुगलवर शोधून जी पहिली लिंक येईल तिच्यावर जाऊ नका, आपल्या घरातल्या डब्याचं पान गुगलला माहीत नसतंय.

दुसरं कारण मोबाईल डेटा. नेट बंद पडलेलं असताना फोन म्हणतो या वायफायला इंटरनेट नाही, आणि गुपचूप डेटावर उडी मारतो, मग राउटर सापडणार कुठून. डेटा बंद करा, फोननं विचारलं तर वायफायलाच राहा म्हणा. व्हीपीएन चालू असंल तर तेपण बंद. नेट नसलं तरी पॅनल उघडतं, ते घरातल्या घरातच असतंय.

प्र. ब्राउझर नॉट सिक्युअर म्हणतोय, पुढं जाऊ का?

या एका पानासाठी हो. घरातल्या पत्त्याला बाहेरचं सर्टिफिकेट मिळत नाही म्हणून ती ओरड असते. पण ही सवय बँकेच्या पानावर नेऊ नका, तिथं असली सूचना आली तर तिथंच थांबायचं. का, ते खाली परभणीच्या दुकानाच्या गोष्टीत आहे.

प्र. युजरनेम आणि पासवर्ड कुठून आणू?

परत स्टिकर. नव्या राउटरवर प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड छापलेला असतो, काही तर पहिल्यांदा उघडलं की तुम्हालाच नवीन ठेवायला सांगतात. जुन्यावर ॲडमिन आणि ॲडमिन. कंपनीच्या नावानं डिफॉल्ट पासवर्ड शोधला की यादीच्या यादी सापडते, तुम्हाला सापडते तशी बाकीच्यांनाही सापडते. चार-पाच वेळा चुकलं तर बरेच राउटर काही मिनिटं कुलूप लावून बसतात, तेव्हा दणादण टाकत बसू नका, चहा पिऊन या.

प्र. आमचा नेटवाला पासवर्ड देईना, म्हणतो तुम्हाला काय करायचंय?

फायबरच्या डब्यात बऱ्याचदा दोन खाती असतात, एक ग्राहकाचं, स्टिकरवरचं, ज्यातून वायफायचं नाव-पासवर्ड बदलता येतो, आणि एक त्यांचं मोठं. मोठं ते देत नाहीत आणि त्याला थोडं कारणही आहे, त्यात लाईनच्या सेटिंग असतात, एक आकडा हलला की नेट बंद आणि मग त्यालाच भर उन्हात यावं लागतं. शिवाय कंपन्या टीआर-०६९ नावाच्या सोयीनं तो डबा त्यांच्या ऑफिसातूनच सांभाळतात. पण ग्राहकाचं खातं तुमच्यासाठीच असतंय, ते मागून घ्याच. तेही मिळत नसंल तर मी सांगतो, स्वतःचा एक राउटर घ्या, त्यांच्या डब्याला केबलनं जोडा आणि त्यांच्या डब्याचं वायफाय बंद करायला लावा. घरातली सगळी उपकरणं मग तुमच्या राउटरच्या मागं.

प्र. पासवर्ड आठवतच नाही. ते बारीक भोक दाबून रिसेट मारू का?

थांबा. मी अंबाजोगाईला मावशीकडं हेच केलं होतं. रविवार, जेवणं झालेली, मावशी म्हणली वायफायचं नाव तेवढं बदलून दे रे, त्यात आधीच्या भाडेकरूचं आडनाव आहे. पॅनलचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. मी मोठ्या रुबाबात सेफ्टीपिन मागितली, मागच्या भोकात दहा सेकंद दाबून धरली, सगळे दिवे एकदम गेले, परत लागले, आणि इंटरनेटचा दिवा लाल तो लालच. नेटवाल्याचा फोन रविवारी बंद. मावसबहिणीला परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, तो माझ्या हॉटस्पॉटवर कसाबसा भरला, सोमवारी दुपारी तो माणूस आला आणि दोन मिनिटात चालू करून दीडशे रुपये घेऊन गेला. मावशीनं नंतर वर्षभर पाहुण्यांना ही गोष्ट सांगितली.

झालं असं की रिसेट मारलं की फक्त पासवर्ड जात नाही, सगळंच जातं. नेटवाल्यानं लाईन चालू व्हायला आत भरलेलं पीपीपीओई युजरनेम, त्याचा पासवर्ड, व्हीलॅन आयडी नावाचा आकडा, सगळं. त्यामुळं आधी ती माहिती त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर मागून घ्या, आली की मगच पिन लावा. पॅनलमध्ये जाता येत असंल तर बॅकअप म्हणून ऑप्शन असतो, फाईल उतरवून ठेवा. आणि रिसेट वेगळं, रिबूट वेगळं. नुसतं नेट अडकलं असंल तर बटन बंद करून चालू करा, पिनेची गरज नाही.

प्र. आत गेलो. पहिलं काय बदलू?

ॲडमिनचा पासवर्ड. बाकी सगळं नंतर. सिस्टीम टूल्स, मॅनेजमेंट, ॲडमिनिस्ट्रेशन, युजर मॅनेजमेंट, प्रत्येक कंपनी वेगळं नाव ठेवते पण असतं तिथंच कुठंतरी. वायफायचा पासवर्ड इथं परत ठेवू नका, नाहीतर सगळी मेहनत वाया. हा पासवर्ड रोज लागत नाही, त्यामुळं विसरणार हे नक्की, म्हणून चक्क वहीत लिहा. आमच्याकडं गॅसचं कार्ड, लाईटबिलाचा ग्राहक नंबर असलेल्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. राउटरवरच चिकटवलेला कागद मात्र नको, राउटर बैठकीत असतो आणि बैठकीत कोण कोण बसतं तुम्हाला माहीत.

प्र. वायफायचा पासवर्ड मोबाईल नंबर आहे, दहा आकडी आहे की, चालंल ना?

नाही चालणार, आणि मराठवाड्यातल्या निम्म्या घरांत हाच असतो असं मला फिरून फिरून वाटायला लागलंय. का नाही ते बघा. तुमचा फोन वायफायला जोडताना हवेत जी देवाणघेवाण होते ती कुणीही जवळ बसून पकडू शकतो. पकडली की मग तो घरी जाऊन निवांत एकेक पासवर्ड लावून बघतो, तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही, चुकलं म्हणून कुलूपही पडत नाही. भारतातले मोबाईल नंबर सहा ते नऊनं सुरू होतात, म्हंजे सगळे मिळून फार तर ४०० कोटी. ऐकायला लई मोठं वाटतंय, पण गेम खेळायच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला दहा लाख पासवर्ड तपासता येतात. करा हिशोब, सव्वा तासाच्या आत खेळ खलास. आणि ज्याच्याकडं तुमचा नंबर सेव्ह आहे त्याला तर एक सेकंद.

कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरं ठेवता येतात. मी म्हणतो चार शब्द घ्या, एकमेकांशी संबंध नसलेले, आपल्याच मराठीतले पण इंग्रजी अक्षरांत, मध्ये एखादा आकडा. हुरडा, पत्रा, सायकल, आत्या असलं काहीतरी. हेच ठेवू नका म्हंजे झालं. पाठ होतंय, सांगायला सोपं जातंय आणि अंदाज लावणाऱ्याचं डोकं फिरतंय. पोराचं नाव आणि जन्मसाल, आडनाव आणि एक दोन तीन, गाडीचा नंबर, हे सगळं सोडा.

प्र. सिक्युरिटीच्या खान्यात डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ असलं बरंच आहे, कुठलं घेऊ?

ही वायफायला कुलूप लावायच्या पद्धतींची नावं आहेत. डब्ल्यूपीए३ घरातल्या सगळ्या फोनला चालत असंल तर ते, नाहीतर दोन्ही मिळून असलेला पर्याय, तोही नसंल तर डब्ल्यूपीए२ आणि त्यात एईएस. वर सांगितलेली घरी नेऊन फोडायची युक्ती डब्ल्यूपीए३ वर चालत नाही, तो मोठा फायदा. डब्ल्यूईपी दिसलं तर लगेच बदला, त्याचं पितळ २००१ सालीच उघडं पडलंय. आणि ज्या राउटरमध्ये डब्ल्यूईपीच्या पुढं काहीच नाही तो राउटर भंगारात घाला.

प्र. डब्ल्यूपीएसचं बटन आहे, ते दाबून पासवर्ड न टाकताच जोडता येतंय. छान आहे की!

बटनाचं ठीक, पण त्यात बटनाऐवजी आकडी पिन टाकून जोडायचीही सोय असते, ती वाईट. डब्ल्यूपीएसची पिन आठ आकडी असते, म्हंजे दहा कोटी प्रयत्न लागायला पाहिजेत. पण शेवटचा आकडा नुसता ताळा जमवायला असतो आणि राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो, पहिले चार बरोबर की नाही हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळं दहा हजार अधिक एक हजार, अकरा हजारात काम संपतं. हे २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं. नव्या राउटरमध्ये अडथळे घातलेत, तरी मी दिसलं की बंद करतो.

प्र. शेजारी, पाहुणे, वरच्या रूमवरची पोरं, सगळे पासवर्ड मागतात. नाही कसं म्हणायचं?

म्हणूच नका, गेस्ट नेटवर्क चालू करा. पॅनलमध्ये वायरलेसच्या आसपास असतं. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि बहुतेक राउटरमध्ये गेस्टवाल्याला नेट मिळतं पण घरातला टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर किंवा ॲडमिन पॅनल दिसत नाही. आत एक टिक असते, गेस्टला घरचं नेटवर्क बघू द्यायचं का म्हणून, ती काढलेली आहे ना तेवढं बघा. नीट कडेकोट करायचं असंल तर गेस्टवरून स्वतःच पॅनल उघडून बघा, उघडलं नाही म्हंजे जमलं.

आमच्या वर नीटच्या तयारीला आलेली चार पोरं राहतात, चौघंही चांगली आहेत, पण पोरांना मित्र असतात. अँड्रॉइडमध्ये शेअर दाबलं की क्यूआर कोड येतो आणि त्याच्याखाली पासवर्ड अक्षरात लिहिलेला असतो. एकाला दिला तो चौघांना, चौघांचा मेसला, मेसचा कुणाला ते देवच जाणे. म्हणून त्यांना गेस्टचा दिलाय आणि बॅच बदलली की तेवढाच बदलतो, आमच्या टीव्हीला, आईच्या फोनला हात लावावा लागत नाही. कनेक्शन तुमच्या नावावर असतंय हेही ध्यानात असू द्या, त्यावरून कुणी काही उद्योग केला तर चौकशीला पहिलं नाव तुमचंच निघणार.

प्र. कोण कोण जोडलंय ते कसं कळंल?

पॅनलमध्ये कनेक्टेड डिव्हाइसेस किंवा डीएचसीपी क्लायंट लिस्ट. तिथं अनोळखी नाव दिसलं की लगेच चोर म्हणू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतःचा खरा मॅक ॲड्रेस, म्हंजे उपकरणाचा ओळख नंबर, न देता बनावट देतात, त्यामुळं तुमचाच फोन परका दिसू शकतो. सोपी रीत सांगतो, घरातलं एकेक उपकरण बंद करत जा आणि यादीतून काय गायब होतंय ते बघा. शेवटी जे उरतंय आणि कुणाचंच नाही, त्याच्यासाठी पासवर्ड बदला.

प्र. वायफायचं नाव लपवलं किंवा मॅक फिल्टर लावला, म्हंजे ठरावीक मॅक ॲड्रेसलाच आत घेतलं तर?

वेळ घालवू नका. लपवलेलं नाव साध्या ॲपनं दिसतं आणि मॅक ॲड्रेस कुणाचाही उचलून लावता येतो. त्रास फक्त घरच्यांनाच होतो.

प्र. आमच्या घरच्या राउटरमध्ये कुणाला काय मिळणार, आम्ही काय बँक आहोत का?

त्याला तुमच्याशी घेणंदेणंच नसतंय. २०१६ मध्ये मिराई नावाचं मालवेअर आलं, ते इंटरनेटवर फिरत राहायचं आणि दिसंल त्या कॅमेऱ्याला, डीव्हीआरला (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा), राउटरला कंपनीचे साठेक ठरलेले युजरनेम-पासवर्ड लावून बघायचं, ॲडमिन-ॲडमिनसारखे. जे उघडलं ते त्याचं. अशी लाखो उपकरणं गोळा करून त्याच ऑक्टोबरात डाइन (Dyn) या, मोठ्या साईटचे पत्ते सांगणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर एकदम लोंढा सोडला, आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास लोकांना उघडंनात. ज्यांच्या घरातला कॅमेरा त्यात सामील होता त्यांना कळलंही नसंल. गंमत म्हंजे उपकरण बंद-चालू केलं की मिराई पुसलं जायचं, पण पासवर्ड तोच असला की थोड्याच वेळात परत हजर.

दुसरा प्रकार जास्त जवळचा, डीएनएस बदलण्याचा. डीएनएस म्हंजे साईटचं नाव सांगितलं की तिचा आकडी पत्ता सांगणारा. तोच खोटा बसवला की बँकेचं नाव टाकूनही तुम्ही भलत्याच पानावर जाता. परभणीला ओळखीच्या एका कापडदुकानात सगळ्यांच्या फोनवर रमीच्या जाहिराती उड्या मारायला लागल्या, डेटावर गेलं की बंद, वायफायवर आलं की चालू. दुकानदार म्हणला व्हायरस आहे, फोन फॉरमॅट करून आणले, तरी तेच. मी पॅनल उघडलं, ॲडमिन-ॲडमिन, पहिल्या झटक्यात आत. डीएनएसच्या खान्यात असले आकडे होते जे नेटवाल्याचेही नव्हते आणि ओळखीचेही नव्हते. त्यांचा पोरगा म्हणला बँकेच्या साईटवर आठ दिवसांपासून लाल सूचना येतीय, मी पुढं जा दाबतो. नशीब, त्यानं आत पासवर्ड टाकला नव्हता. आकडे काढून ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकले, ॲडमिनचा पासवर्ड बदलला, रिमोट मॅनेजमेंट चालू होतं ते बंद केलं, रिबूट. जाहिराती गेल्या.

प्र. म्हंजे डीएनएसच्या खान्यात काय असायला पाहिजे?

एक तर ऑटोमॅटिक, म्हंजे नेटवाल्याचं, नाहीतर तुम्ही स्वतः टाकलेलं. ८.८.८.८ गुगलचं, १.१.१.१ क्लाउडफ्लेअरचं, ९.९.९.९ क्वाड९ चं. डीएनएस दोन ठिकाणी असतं, वॅनच्या (बाहेरच्या लाईनच्या) पानावर आणि डीएचसीपीच्या (घरातल्या उपकरणांना आकडे वाटणाऱ्या) पानावर. दोन्ही बघा, लोक एकच बघतात.

प्र. रिमोट मॅनेजमेंट आणि यूपीएनपी काय असतंय?

रिमोट मॅनेजमेंट म्हंजे घराबाहेरून, इंटरनेटवरून पॅनल उघडायची सोय. घरात बसून सेटिंग करणाऱ्याला तिची गरज नाही, बंद ठेवा. यूपीएनपी घरातल्या गेम, कॅमेरा वगैरेंना न विचारता बाहेरचं दार उघडू देतं. बंद करून चार दिवस बघा, काही अडलं नाही तर बंदच राहू द्या. शेतातल्या किंवा दुकानातल्या कॅमेऱ्यासाठी कुणी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हंजे तो बाहेरून बघता यावा म्हणून राउटरमध्ये वाट, करून दिलं असंल तर त्या डीव्हीआरचा पासवर्ड पण बदलायचा, तो राउटरपेक्षा जास्त विसरला जातो.

प्र. फर्मवेअर अपडेट करू का?

करा, फर्मवेअर म्हंजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, आणि जुन्यातली भोकं जगजाहीर असतात. नेटवाल्याच्या डब्याचं बहुतेक तेच करतात, स्वतःच्या राउटरचं तुम्हालाच बघावं लागतंय. फाईल कंपनीच्याच साईटवरून, आणि मॉडेलच नाही तर स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जनसुद्धा जुळवून.

पण वेळ बघून. अपडेट चालू असताना लाईट गेली तर राउटर वीट होऊन बसतो, आणि आपल्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही. आभाळ भरून आलंय, वारं सुटलंय, तर त्या दिवशी अपडेटचं नावच काढू नका. इन्व्हर्टर असंल तर राउटर त्याच्यावर घ्या, नाहीतर राउटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, घ्यायच्या आधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. तो रोजच्या लोडशेडिंगलाही कामाला येतो.

प्र. जुना राउटर विकायचाय, तसाच देऊ?

इथं मात्र ती सेफ्टीपिन खुशाल लावा. आत तुमचं वायफायचं नाव, पासवर्ड, पीपीपीओईचं खातं सगळं पडून असतंय. नेटवाल्याचा डबा असंल तर तो विकायचा नसतो, परत द्यायचा, आणि दिल्याची पावती घ्या.

प्र. राउटरचं राहू द्या, आमच्या खात्यातून पैसेच गेले. आता?

पॅनल नंतर. आधी १९३० ला फोन लावा, जेवढं लवकर कळवाल तेवढी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त, आणि मग बँकेला. हे सगळं मोबाईल डेटावरून करा, त्या वायफायवरून नको.